तिथीची पाऊणपट

शुक्रवारी दुपारी क्रांतीने डबा उघडला, "आज एकादशी, माझ्या खिचडीकडे कुणी बघायचं नाही," असं म्हणाली, आणि माझ्या डोक्यात कुणीतरी स्पष्ट आवाजात म्हणालं, सव्वाआठ. हातातला घास हातात राहिला. ऐरोलीला आमच्या ऑफिसात नवव्या मजल्यावर जेवायची खोली आहे. तिच्या खिडकीतून खाडी दिसते, म्हणजे चिखल आणि त्यावरचा पूल दिसतो. मी तिकडे पाहिलं, आकडा तिकडून आला असावा तसं. मी काही मोजलं नव्हतं. अकरा त्रिक तेहतीस, तेहतीस भागिले चार, आठ आणि पाव. हे सगळं मला न विचारता झालं होतं. पण मी दचकले ती त्यानंतर. पोटऱ्या ताठ झाल्या, तळपायांना गार, दबलेल्या वाळूचा स्पर्श झाला. मला आनंद झाला होता. सहलीच्या आदल्या दिवशी मुलांना होतो तसा, पोटात न मावणारा, जरासा निर्लज्ज आनंद. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. "काय गं, मिरची लागली?" क्रांतीने विचारलं. मी म्हटलं, "परवा काय आहे?" "परवा रविवार." "तिथी विचारतेय." "त्रयोदशी असणार. मंगळवारी नारळी पौर्णिमा ना! तू कधीपासून तिथ्या बघायला लागलीस?" तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार. पावणेदहा. मी अर्धा डबा तसाच बंद केला आणि फोन घेऊन जिन्यात गेले.

माझे वडील माघात गेले. मधुकर त्यांचं नाव. न्हावाशेव्याच्या बंदरात एका एजंटाकडे ते जहाजांची कागदपत्रं करायचे, आणि जहाजावर मात्र आयुष्यात कधी चढले नाहीत. दर महिन्याच्या एक तारखेला ते स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून ओट्यावर आडवं ठेवायचे आणि कानामागची पेन्सिल काढायचे. शेजारी स्टुलावर मी. ते फक्त रविवार बघायचे. "षष्ठी," ते म्हणायचे, "पाऊणपट सांग." साडेचार, मी म्हणायचे. "नवमी?" पावणेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, वद्य पक्षात पुन्हा एकपासून सुरुवात. माझं उत्तर ते चौकटीत जुन्या पद्धतीने लिहीत: पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. सहाच्या पुढे तीन रेघा ओढताना ते प्रत्येक रेघ नीट, सारख्या उंचीची काढायचे. ही समुद्राची वेळ, असं ते म्हणत. मग त्या आकड्याकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत आणि जाहीर करत: "ह्या महिन्यात दुसरा आणि चौथा रविवार, पीरवाडी." पीरवाडी म्हणजे उरणचा किनारा. ते पुटपुटणं काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. माझं उत्तर बरोबर आलेलं असायचं, तेवढं मला पुरत असे. ते गेल्यावर त्यांचं घड्याळ निखिलने घेतलं, चष्मा आईने आपल्या उशीखाली ठेवला, कपडे कुणाकुणाला दिले. मी काहीच मागितलं नाही. पाऊणपट माझी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, असं मी धरून चालले होते. पण सहा महिने ती माझ्या डोक्यात एकदाही वाजली नव्हती, आणि ती मेली तर माझ्याकडे काही उरणार नाही, हेही मला आतून कळत होतं.

आई कामोठ्याला निखिलजवळ राहते. निखिल माझा धाकटा भाऊ, अजून लग्नाचा. आईने फोन उचलला तेव्हा मागे कुकरची शिट्टी झाली. मी एका दमात म्हटलं, "आई, रविवारी पीरवाडीला जाऊ या. त्रयोदशी आहे, पावणेदहाला ओहोटी, साडेआठला निघालो तर मस्त पोचतो." मी मनातल्या मनात तिचं उत्तर तयार करून ठेवलं: वर्ष व्हायचंय, लोक काय म्हणतील, ह्यांच्याशिवाय कसलं पीरवाडी. माघापासून घरात गोडाचं झालं नव्हतं. गणपती आणायचे नाहीत असंही ठरलं होतं. "पावणेदहाला काय म्हणालीस?" तिने विचारलं. "ओहोटी." "गणित तू केलंस?" "मग कोण करणार?" तिचा श्वास ऐकू येत होता, जरा भरभर. मग ती म्हणाली, "बरं. मग साडी नको, ड्रेस घालते." आणि फोन ठेवला. पीरवाडीला आई ड्रेस घालून कधीच आली नव्हती, वाळूतही तिच्या निऱ्या कोरड्या असायच्या, हे माझ्या लक्षात यायला जिन्याचे चार मजले उतरावे लागले. मी नवव्या मजल्यावरून पायी का उतरत होते कोण जाणे.

निखिलने मात्र वाद घातला. "ताई, नेटवर एकदा बघू का? दोन सेकंद." "नाही." "अगं पण—" "बाबांनी कधी बघितलं होतं?" "बाबांकडे नेट नव्हतं." "शेवटची दहा वर्षं होतं. त्यावर ते फक्त नाट्यगीतं ऐकायचे." "ओके. पण मला आपलं वाटतंय की तो आकडा भरतीचा असायचा." मला राग आला, खरंच, लहानपणी यायचा तसा. "तू कधी बसलायस त्यांच्याशेजारी? तू टीव्हीसमोर लोळत असायचास. स्टुलावर मी बसायचे." "बरं माते," तो म्हणाला, "तुझी ओहोटी. मी गाडी काढतो." त्याच्या आवाजातही काहीतरी हललं होतं. पंधरा मिनिटांनी त्याचा मेसेज आला: बादली आणू का? मग: ती निळी चादर अजून आहे. मग नुसतंच एक खेकड्याचं चित्र.

शनिवारी मी क्षिप्राला घेऊन कामोठ्याला राहायला गेले. क्षिप्रा माझी मुलगी, नऊ वर्षांची. पार्थ, तिचा बाबा, कामासाठी बंगळुरूला गेला होता. आई पोळ्यांना जॅम लावून त्यांच्या गुंडाळ्या डब्यात उभ्या रचत होती. जॅम चालतो का ह्या वर्षात, असं माझ्या तोंडावर आलं, पण मी गिळलं. ही उत्सुकता मला जड जात होती. गादीवर पडले तरी पाय स्थिर राहीनात. दुःखाची मला सवय झाली होती. त्याची जागा, त्याच्या वेळा माहीत झाल्या होत्या. सकाळी दात घासताना ते येई, आणि सिग्नलला थांबलं की. पण ही उकळी कुठे ठेवायची ते कळत नव्हतं. मी पंख्याकडे बघत पडून राहिले आणि किनारा एकेका ऋतूतून माझ्याकडे येत राहिला. पौषातली पीरवाडी: सात वाजता धुकं, दर्ग्याचा हिरवा झेंडा तेवढा वर तरंगतोय, सुरूच्या झाडांखाली बूट काढून ठेवायचे आणि धावत सुटायचं, कारण समुद्र लांब असायचा. नेहमीच लांब असायचा. ओली वाळू आरशासारखी, तिच्यावर आपलीच उलटी माणसं पळतायत, आणि कितीही पळालं तरी पाण्याची रेघ पुढेच. पोचल्यावर दम लागून हसू यायचं. वैशाखात संध्याकाळी जायचो. वाळूचा वरचा थर पोळायचा, खाली बोटं खुपसली की गार. कलिंगडाच्या बिया निखिल माझ्या मानेवर उडवायचा, आणि लांब उभी असलेली जहाजं दिवे लागले की एकदम जवळ आल्यासारखी वाटायची. आश्विनात उन्हाचा चटका, पाण्याला जड, तेलकट वास, वाळूत फसलेले पारदर्शक गोळे, त्यांना हात लावायचा नाही. पावसाळ्यात फक्त सप्तमी-अष्टमीचा रविवार, जेव्हा पाणी सुस्त असतं, आणि तेव्हा मक्याची कणसं, बाबांच्या छत्रीखाली तिघं आणि आई मुद्दाम बाहेर, भिजत.

छत्री बारमाही असायची. बाबा पँटच्या बरोबर दोन घड्या घालायचे, घोट्याच्या वर, आणि पाण्याच्या अलीकडे छत्रीच्या टोकाने वाळूत एक लांब रेघ ओढायचे. "ह्या रेघेपुढे नाही." पाणी मागे गेलं की ते रेघही पुढे सरकवायचे, दर दहा मिनिटांनी, गंभीरपणे, ऑफिसातल्यासारखं. आम्हाला तो खेळ वाटायचा. रेघ सरकली की आम्ही ओरडायचो. स्वतः ते घोट्यापर्यंत पाण्यात जायचे, तिथे थांबायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. मी नंतर पुष्कळ वाचलं, पुस्तकांतली समुद्राकाठची माणसं वाचली, आणि त्या सगळ्यांना मी बाबांचीच पाठ दिली: सरळ, शांत, पाण्याशी सभ्य अंतर ठेवून असलेली. त्यांना पाणी कळतं, असं मी धरून चालले होते. ह्याचं कारण माझी सगळ्यात जुनी आठवण. ती घडली कधी हे मला ठाऊक नाही, पण तिच्याइतकं ठळक दुसरं काही माझ्याजवळ नाही. चहूकडे हिरवा उजेड. कानांत घुमणारा आवाज. खाली-वर कळत नाही आणि भीती तर अजिबात नाही. आपण कशाच्या तरी पोटात आहोत आणि तिथे उजेड आहे. मग काखेखाली एक हात, घट्ट, हाडाला लागेल इतका, आणि एकदम वर, हवेत, आणि त्याच क्षणी एक जळकट गोडसर वास. तो वास मी समुद्राचा म्हणून सांभाळून ठेवला होता. बाबांनी मला पाण्यातून उचललं होतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. आईलाही सांगितलं होतं. तिने कधी हो-नाही केलं नाही.

रविवारी साडेआठला आम्ही निघालो. आई पुढच्या सीटवर. पिवळा ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, केसांना क्लिप. चौसष्ट वर्षांची माझी आई मला क्षणभर ओळखू आली नाही. क्षिप्राच्या मांडीवर बादली, माझ्या हातात बाबांची छत्री. ती मी कपाटामागून काढली तेव्हा तिच्या घडीतून वाळू पडली. "आजी, आपण कुणाच्या लग्नाला चाललोय का?" क्षिप्राने विचारलं. "का गं?" "तू लिपस्टिक लावलीये." "ओठ फुटलेत माझे," आई म्हणाली आणि निखिल इतका हसला की त्याला गाडी डावीकडे घ्यावी लागली. कंटेनरच्या रांगा संपल्या, मिठागरांची सपाट जमीन लागली, तशी आईने काच पूर्ण खाली केली. आमचा जुना खेळ होता: समुद्राचा वास पहिल्यांदा ज्याला येईल त्याला पहिली गुंडाळी. "आला," आई म्हणाली. "शक्यच नाही, अजून पाच किलोमीटर आहे," निखिल म्हणाला. "तुझं नाक तुझ्या बाबांवर गेलंय. आला म्हणते ना." ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, ती रडेल. तिने हात मागे केला आणि डब्यासाठी चुटकी वाजवली.

मला आधी आवाज ऐकू आला. सुरूच्या झाडांपाशी गाडी लावली, दार उघडलं, आणि जमिनीतून आल्यासारखा तो आवाज तळपायांतून वर चढला. असा आवाज पीरवाडीला कधी नसायचा. पीरवाडीचा आवाज लांबचा असतो, बाजूच्या घरात कुणी तांदूळ निवडावेत तसा. क्षिप्रा बादली घेऊन पळत सुटली आणि बांधापाशी गच्चकन थांबली. आम्ही तिच्यामागे पोचलो. वाळू नव्हती. कुठेच नव्हती. आमची सगळी वाळू, शर्यतीची, रेघांची, चादर पसरायची, सगळी पाण्याखाली होती, आणि राखाडी-हिरवं पाणी दगडी बांधावर आपटून माणसाच्या उंचीइतकं वर उडत होतं. मी घड्याळात पाहिलं. पावणेदहा. मिनिटाचाही फरक नाही. तीनही रेघा बरोबर होत्या. "ताई," निखिल माझ्या कानाशी म्हणाला, "तुझी ओहोटी फारच भरलीय." मला त्याच्याकडे बघवेना. माझा चेहरा तापला होता. सहा महिन्यांनी मी एक गोष्ट उचलली होती, बाबांची म्हणून, माझी म्हणून, सगळ्यांना सुट्टीच्या सकाळी उठवून आणलं होतं, आणि ती उलटी निघाली होती. स्टुलावर बसवून मला अर्धंच गणित दिलं होतं, आणि अर्धं म्हणजेच पूर्ण, अशा तोऱ्यात मी तीस वर्षं काढली होती. "मम्मी, आजोबांची रेघ कुठे मारायची?" क्षिप्राने विचारलं. मी वेड्यासारखी छत्री खाली केली आणि तिचं टोक बांधाच्या सिमेंटवर ओढलं. नुसतं खरखरलं. रेघ उमटली नाही.

बांधावर थोडी पुढे एक म्हातारी पाय लोंबकळत सोडून बसली होती. शेजारी वेताची पाटी, पाटीत कालवं फोडायची छोटी कोयती. पाणी उतरलं की खडकांवरची कालवं काढायला जाणारी मुक्ताबाई. आम्ही तिला ओळखत होतो. लहानपणी ती आम्हाला लांबून ओल्या खडकांवर वाकलेली दिसायची आणि बाबा तिला हात करायचे. तिने डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं. "वयनी? आज ह्या टायमाला कशा? तुमी तर ओहोटीची मानसं!" आई तिच्याजवळ गेली आणि चक्क तिच्या शेजारी बांधावर बसली, पाय बाहेर. "आज भरतीला आलो, मुक्ताबाई." "भाऊ कुठं हाय? गाडीत बसलं का? पानी बघून उतरलं नसतील." आणि ती हसली. आईही थोडी हसली आणि म्हणाली, "गेले ते. माघात." लाट आली, फुटली, उतरली. मुक्ताबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "चांगला मानूस," ती म्हणाली. मग मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. "ही थोरली ना? हिलाच मी वढून काढली व्हती. हितंच. तवा हा बांध नव्हता."

"कुणाला?" मी म्हटलं. "तुला," आई म्हणाली. तिने ते इतक्या साधेपणाने सांगितलं की मला आधी अर्थच लागला नाही. आम्ही तेव्हा उरणला भाड्याच्या खोलीत राहत होतो, मी पाच वर्षांची, निखिल आईच्या कडेवर. असाच श्रावण, असंच भरलेलं पाणी. बाबा माझा हात धरून गुडघाभर पाण्यात उभे होते. लाट आली आणि हात सुटला. "ते हलले नाहीत," आई म्हणाली. "ओरडलेसुद्धा नाहीत. हात तसाच पुढे. मी निखिलला कुठे ठेवू तेच मला कळेना." "मी पाटी टाकली आनि घुसली," मुक्ताबाई म्हणाली. "हिची फ्रॉक दिसत व्हती, तांबडी. काखंत हात घालून वर घेतली. आनि रडायचं सोडून ही काय करते? हसते! मला म्हनते, पुन्ना." तिने ओठ पुसले, आणि वाऱ्याने वळून तो वास माझ्याकडे आला. जळकट, गोडसर. मिश्रीचा. तिच्या हिरड्या मिश्रीने काळ्या झालेल्या होत्या. मी बांधाच्या दगडावर हात टेकला. माझ्याजवळची सगळ्यात जुनी गोष्ट माझ्या देखत दुसऱ्या कुणाची तरी झाली, आणि आश्चर्य असं की ती जराही लहान झाली नाही. "दुसऱ्या दिशी भाऊ माज्या दारात," मुक्ताबाई सांगत होती. "मला म्हनतात, पानी कधी नसतं ते मला शिकव. मी म्हटलं, भाऊ, पानी कधी असतं ते आमी मोजतो. तिथीची पाऊनपट काढा, तवा भरती. त्यात सा तास टाका, मग पानी नसतं. ते म्हनाले, मला सा तासांनंतरचंच पायजे."

सहा तास. ते पुटपुटणं. ओट्याशी उभं राहून, माझ्या बरोबर आलेल्या उत्तरात दर रविवारी मिसळलेले ते सहा तास. माझ्या डोळ्यांसमोर त्यांची पाठ आली, पाण्याकडे तोंड करून उभी, हात मागे बांधलेले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते हात पाहिले: एकाने दुसऱ्याचं मनगट गच्च धरलेलं. घोटाभर पाण्यात तो माणूस उभा होता, आणि ते घोटाभर पाणी त्यांच्या धैर्याची शेवटची कड होती. पौषात, वैशाखात, आश्विनात, पावसाळी सप्तमीला. आम्हाला बागेत नेता आलं असतं, देवळात नेता आलं असतं. उरण सोडून आम्ही कामोठ्याला आलो तेव्हा तर समुद्र आपोआप सुटला असता. तरी त्यांनी एस्टीने, मग स्कूटरवरून चौघांना कोंबून, आम्हाला त्याच जागी आणलं, फक्त सहा तास उशिरा, आणि दर दहा मिनिटांनी रेघ पुढे सरकवली. मला त्यांना काहीतरी विचारायचं होतं, आत्ता, ताबडतोब, आणि ते माघापासून नव्हते. हे मला पीरवाडीच्या बांधावर पहिल्यांदा पूर्ण कळलं. "म्हणजे तुला माहीत होतं," मी आईला म्हटलं. "शुक्रवारी. मी ओहोटी म्हटलं तेव्हा तुला माहीत होतं." "हो." "मग बोलली का नाहीस?"

आई सांगोल्याकडची. तिने समुद्र पाहिला तो लग्न झाल्यावर, ह्याच किनाऱ्यावर, पंचविसाव्या वर्षी, शिक्षकीची नोकरी सोडून आल्यावर. "आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर," ती म्हणाली. "ते आपल्या जागी बसतं, आपण वाकून बघायचं. इथे आले तर हा अंगावर धावून आला. असाच, गळ्यापर्यंत भरलेला. मला इतकं हसू आलं, वैदेही! नवी नवरी, सासू शेजारी, आणि मी खो खो हसतेय. म्हटलं, एवढं सगळं? आपल्याला?" ती पुन्हा हसायला लागली होती, चाळीस वर्षांपूर्वीचं. "मग तू वाहून जाता जाता राहिलीस. मी ह्यांना एका शब्दाने बोलले नाही. कसं बोलणार? रात्री झोपेत हात पुढे करायचे, वर्षभर. मी म्हटलं, ओहोटी तर ओहोटी. तेहतीस वर्षं तुझ्या बाबांनी मला रिकामा समुद्र दाखवला, आणि मी बघितला, आवडीने बघितला. पण शुक्रवारी तू म्हणालीस, पावणेदहा." तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि तोंडावर चोरी पकडली गेलेल्या मुलीचं हसू होतं. "मी म्हटलं, चूक तुझी आहे. माझं काय जातंय?"

"ही बाई डेंजर आहे," निखिल म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "आजी, मोठी येतेय! मोठी येतेय!" क्षिप्रा किंचाळली. आईने बांधावरून पाय आत घेतले, उभी राहिली आणि माझ्याकडे हात केला. मी तो धरला, मनगटापाशी, घट्ट. दुसऱ्या हाताने क्षिप्राला पोटाशी ओढलं. निखिल मागून आम्हा तिघींना धरून उभा. लाट बांधाला लागली आणि फुटायच्या आधी क्षणभर तशीच उभी राहिली, आमच्या डोक्यांच्या वर, आणि तेवढ्यात ढगातून ऊन आलं. पाणी आतून पेटल्यासारखं झालं. हिरवा उजेड. तोच, अगदी तोच, अडतीस वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्यांदा. मग तो सगळाच्या सगळा आमच्यावर कोसळला. नाकात, कानात, छत्रीच्या घडीत, जॅमच्या डब्यात. कुणाचा तरी ओरडण्याचा आवाज येत होता आणि तो मी होते. आई डोळे पुसत, तोंडातलं खारट थुंकत, ओढणी पिळत उभी होती आणि ओरडत होती, "पुन्हा! पुन्हा!" मुक्ताबाई आपल्या पाटीवर वाकून हसत होती. "अस्संच," ती मला म्हणाली, "अस्संच म्हनलेली तू."

आम्ही किती लाटा घेतल्या ते मोजलं नाही. सव्वादहाच्या सुमारास पाण्याचा जोर मोडला, बांधाच्या खालचा एक काळा दगड दिसला, बुडाला, पुन्हा दिसला. मुक्ताबाईने कोयती हातात घेऊन धार बघितली. "आता उतरंल. चार वाजंस्तोवर सगली वालू मोकली." निखिल म्हणाला, "मग थांबू या ना. चारला शर्यत लावू, नेहमीसारखी. बाबांची ओहोटी पण होईल." मलाही क्षणभर तेच हवं होतं. पण आई चपला हातात घेऊन गाडीकडे निघाली होती. "नको," ती म्हणाली, "ती पुढच्या वेळी. आज मला हा असाच न्यायचाय." आम्ही निखिलच्या गाडीच्या सीटवर वर्तमानपत्रं पसरली आणि चिंब भिजलेले चौघं आत बसलो. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या पोळीच्या गुंडाळ्या आम्ही खाल्ल्या. जॅम आणि मीठ, आणि क्षिप्रा म्हणाली की हा नवीन फ्लेवर आहे. माझ्या पायांशी छत्रीतून पाणी ठिबकत होतं. मिठागरं आली, कंटेनर आले. एखाद्याला मध्येच हसू फुटायचं आणि मग सगळ्यांना. माझ्या मनात बाबांसाठी जे होतं ते हलकं झालं नव्हतं. ते भरलं होतं, काठोकाठ, आणि त्याच्याशेजारी बसून मला भूक लागली होती.

"पुढच्या रविवारी किती?" आईने न वळता विचारलं. मी खिडकीच्या वाफेवर बोटाने तिथ्या मोजल्या. पौर्णिमा मंगळवारी, मग वद्य पक्ष, पुन्हा एकपासून. "पंचमी. पाच त्रिक पंधरा." तीनच्या पुढे मी काचेवर तीन उभ्या रेघा ओढल्या, सारख्या उंचीच्या. "पावणेचार."

"पहाटेचे की दुपारचे?" निखिलने विचारलं.

आईने काच खाली केली, ओढणीचं टोक बाहेर धरून पिळलं, आणि पाण्याची धार वाऱ्यावर मागे उडाली.

"दोन्ही," ती म्हणाली. "दिवसातून दोनदा भरतो तो."